छावण्यांचा हिशेब मांडा, पण अटी दाखवून: संरक्षण मंत्रालयाला नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षण सचिव,
तसेच लष्करी व्यवहार विभाग आणि रक्षा संपदा महासंचालनालयातील अधिकारी,
नवी दिल्ली.

विषय: लष्करी ठाणी ठेवणे, हलवणे किंवा बंद करणे याचा गणिती हिशेब आणि त्यात नाशिक-देवळालीची मांडणी

महोदय,

सादर नमस्कार.

एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या योलचा छावणीचा दर्जा काढला गेला आणि तेव्हापासून देवळाली कॅम्पात चर्चा थांबलेली नाही. नागरी वस्ती नाशिक महापालिकेत जाणार की भगूरला जोडून वेगळी नगरपालिका होणार, घरपट्टी किती वाढणार, ओल्ड ग्रँटवरच्या, म्हणजे जमीन सरकारची आणि वापर खासगी अशा जुन्या व्यवस्थेतल्या, बंगल्यांचे काय होणार. चर्चा रास्त आहे, पण तिच्यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. नागरी भाग वेगळा केला म्हणून लष्करी ठाणे बंद होत नाही. ते मिलिटरी स्टेशन म्हणून राहते, फक्त कर गोळा करणारे कार्यालय बदलते. खरा मोठा प्रश्न त्यापलीकडचा आहे. कोणती पलटण, कोणते प्रशिक्षण केंद्र, कोणता डेपो कुठे असावा आणि कोणते ठाणे यापुढे लागणारच नाही, हे आपल्याकडे ठरते कसे?

मी नाशिकच्या कॉलेजात आयुष्यभर ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे मर्यादित साधनांत सर्वांत चांगला निर्णय शोधण्याचे गणित, शिकवले. फौजेशी संबंध म्हणाल तर वर्गात बसलेल्या जवानांच्या मुलांपुरता. तरीही हे पत्र लिहितो आहे, कारण ज्या शास्त्रावर माझी रोजीरोटी चालली ते मुळात फौजेच्याच प्रश्नांतून वाढलेले आहे. माझी मागणी दोन भागांची आहे. ठाण्यांचा निर्णय गणिताने घ्या, आणि ते गणित कोणत्या अटींवर मांडले ते लोकांना दाखवा. पहिल्या भागाला आपल्यापैकी बरेच जण मान डोलावतील. माझा जोर दुसऱ्यावर आहे.

बारावी कॉमर्सच्या गणितात असाइनमेंट प्रॉब्लेम येतो. चार कामगार, चार कामे, कोणाला कोणते काम दिले तर किती खर्च याचा तक्ता, आणि एकूण खर्च कमीत कमी ठेवायचा. मुले प्रत्येक ओळीतली सर्वांत लहान संख्या वजा करतात, शून्यांवर रेघा मारतात आणि दहा मिनिटांत उत्तर काढतात. तळांचा प्रश्न याच घराण्यातला, पण फार दांडगा. समजा ५० तुकड्या आहेत आणि २० ठाणी. प्रत्येक तुकडी कुठेही ठेवता येते असे धरले, तर मांडणीचे प्रकार २० चा ५० वा घात इतके होतात, म्हणजे १ वर ६५ शून्ये लिहिली तरी संख्या थोडी कमीच पडेल. कितीही हुशार अधिकारी असोत आणि कितीही बैठका होवोत, माणसाच्या डोक्यात यातले पाच-दहा पर्यायच मावतात, आणि ते पाच-दहा बहुधा कोणीतरी आधीच सुचवलेले असतात.

यात आणखी एक गाठ आहे, ती शाळेतल्या उदाहरणात नसते. ठाणे अर्धे रिकामे झाले तरी त्याचा खर्च अर्धा होत नाही. पाणीपुरवठा, रस्ते, पहारा, दवाखाना, विजेचे उपकेंद्र हे सगळे तसेच चालू ठेवावे लागते. त्यामुळे इथून एक बटालियन, तिथून एक डेपो असे थोडेथोडे हलवले की वाहतुकीचा आणि बांधकामाचा खर्च होतो, बचत मात्र हाती लागत नाही. खरी बचत ठाणे पुरते मिटले तरच होते. म्हणून गणितात प्रत्येक ठाण्यासाठी एक हो-नाहीचा चल लागतो: चालू असेल तर १, बंद असेल तर ०. जॉर्ज डँट्झिगने १९४७ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या नियोजनासाठी काम करताना कमीत कमी खर्चाचे उत्तर शोधणारी सिम्प्लेक्स पद्धत दिली, पण तिची उत्तरे अपूर्णांकात येऊ शकतात, आणि ०.४ ठाणे उघडे ठेवता येत नाही. हो-नाहीचे असे प्रश्न सोडवण्याची ब्रँच अँड बाउंड ही वाट १९६० मध्ये आयल्सा लँड आणि अ‍ॅलिसन डॉइग या दोन बायकांनी घालून दिली. (वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरच्या मुलीही मान वर करायच्या.) आजचे सॉल्व्हर, म्हणजे असे प्रश्न सोडवणारे संगणकाचे प्रोग्रॅम, त्याच वाटेने हजारो हो-नाहींचे प्रश्न साध्या संगणकावर सोडवतात.

हे काम कोणीच केले नाही असे नाही. अमेरिकेत ब्रॅक नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रक्रियेत १९८८, १९९१, १९९३, १९९५ आणि २००५ अशा पाच फेऱ्यांमध्ये तळ बंद झाले किंवा त्यांची फेरमांडणी झाली. माँटेरे इथल्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलचे रॉबर्ट डेल यांनी नव्वदीच्या दशकात अमेरिकी लष्करासाठी एक गणिती प्रतिमान (मॉडेल) केले. कोणता तळ कोणत्या वर्षी बंद करायचा, म्हणजे दरवर्षीच्या मर्यादित पैशात जास्तीत जास्त बचत होईल, हे ते सांगायचे. वेळापत्रकही महत्त्वाचे असते, कारण बंद करण्याचा खर्च आधी येतो आणि बचत मागाहून. २००५ च्या फेरीसाठी ओसाफ हे प्रतिमान वापरले गेले. तुकड्यांना लागणाऱ्या इमारती, सरावाची जमीन आणि रेंज (गोळीबाराच्या सरावाचे मैदान), प्रत्येक ठिकाणची क्षमता आणि येणारा खर्च हे सगळे एकत्र घेऊन ते तुकड्यांची मांडणी सुचवायचे.

गणितापेक्षाही मला तिथली एक गोष्ट जास्त शिकण्यासारखी वाटते. निवडीचे निकष आधी जाहीर झाले होते. एकूण आठ निकष होते. पहिले चार लष्करी मूल्याचे, आणि त्यांना प्राधान्य. उरलेल्या चारांत खर्च-बचत आणि पैसे किती वर्षांत वसूल होणार हे होते, भोवतालच्या वस्तीवर होणारा आर्थिक परिणाम होता, नव्याने येणाऱ्या लोकांना सामावण्याची त्या गावाची कुवत होती, आणि पर्यावरण होते. म्हणजे गाव हिशेबात होते, आणि त्याचा क्रम कितवा हेही गावाला माहीत होते. यादी स्वतंत्र आयोगापुढे गेली आणि आयोगाने काही नावे वगळलीसुद्धा. साउथ डकोटातला एल्सवर्थ हवाई तळ आणि न्यू लंडनचा पाणबुडी तळ असे वाचले.

आता दुसरी बाजू, कारण अमेरिकेचे नाव घेतले की आपल्याकडे लगेच आरती सुरू होते. २००५ च्या फेरीचा एकरकमी खर्च २१ अब्ज डॉलर धरला होता. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने, जीएओने, २०१२ मध्ये हिशेब केला तेव्हा तो ३५.१ अब्जांवर गेलेला होता. त्यातले नुसते बांधकाम १३.२ अब्जांवरून २४.५ अब्जांवर पोहोचले होते. वीस वर्षांच्या निव्वळ फायद्याचे आजच्या पैशांतले मोल ७२ टक्क्यांनी घटून सुमारे ९.९ अब्ज उरले. यात सॉल्व्हरचा दोष नाही. त्याला जे खर्चाचे आकडे दिले त्यांच्यावर त्याने बरोबरच उत्तर काढले असणार. नव्या जागी काय काय बांधावे लागेल हे सुरुवातीला पुरते लिहिलेच गेले नव्हते.

एक काल्पनिक उदाहरण घेतो, आकडे माझे आहेत. एक ठाणे बंद करायला ३०० कोटी लागतात आणि दरवर्षी ४० कोटी वाचतात. साध्या भागाकाराने साडेसात वर्षांत पैसे वसूल. पण पुढे मिळणारा रुपया आजच्या रुपयापेक्षा कमी मोलाचा, म्हणून दहा टक्के व्याजदराने वीस वर्षांच्या बचतीचे आजचे मोल काढले तर ते सुमारे ३४० कोटी येते, म्हणजे फायदा जेमतेम ४० कोटी. दर सात टक्के धरा, फायदा १२४ कोटींच्या आसपास जातो. आणि खर्च दीडपट होऊन ४५० वर गेला व बचत ३० वर आली, तर दहा टक्के दराने हाच निर्णय जवळपास १९५ कोटींच्या तोट्याचा ठरतो. एकच ठाणे, एकच सूत्र, उत्तरे तीन. व्याजदर कोणता धरला हे फाइलीच्या कोणत्या पानावर लिहिले आहे आणि ते कोणी तपासले, हे विचारण्याचा नागरिकाला हक्क असावा असे मला वाटते.

आपल्याकडेही निर्णय झाले आहेत. संरक्षण खर्चाचा फेरविचार करणाऱ्या लेफ्टनंट जनरल शेकटकर समितीने २०१६ च्या अखेरीस अहवाल दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तिच्या ६५ शिफारशी स्वीकारल्या, सुमारे ५७ हजार जणांच्या फेरनेमणुकीचे जाहीर केले आणि ३९ लष्करी दुग्धशाळा बंद करायचे ठरवले. १८८९ पासून चालत आलेल्या या मिलिटरी फार्म्सचा निरोप मार्च २०२१ मध्ये झाला. तो निर्णय मला पटला. दूध आता बाजारात मुबलक आहे, जवानाने गायी राखायचे कारण उरलेले नाही, आणि हे समजायला सॉल्व्हर लागत नाही. पण असे सोपे प्रश्न थोडेच असतात. संरक्षण मंत्रालयाच्या ताब्यात देशभर सुमारे १८ लाख एकर जमीन आहे, आणि छावण्यांच्या हद्दीतला भाग त्यातला थोडासाच. एवढ्या जमिनीवरच्या तुकड्या आणि संस्था एकमेकींत गुंतलेल्या असताना एकेका फाइलीवर एकेक निर्णय घेत गेलो, तर प्रत्येक निर्णय सुटा शहाणा दिसेल आणि सगळ्यांची बेरीज महागात पडेल.

नाशिकचेच पाहा. नाशिक रोडला तोफखाना केंद्र, जिथे भरती झालेली पोरे गोलंदाज होतात. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी. गांधीनगरला लष्करी हवाई दलाची, म्हणजे आर्मी एव्हिएशनची प्रशिक्षण शाळा. ओझरला एचएएलचा विमानांचा कारखाना आणि हवाई दलाचा बेस रिपेअर डेपो. यांना वेगवेगळ्या फाइली समजणारा एक हिशेब आणि एका साखळीच्या कड्या समजणारा दुसरा, या दोघांची उत्तरे वेगळी येतील. तोफेचा मारा कुठे पडला हे वरून पाहणारा वैमानिक आणि खाली तोफ चालवणारा अधिकारी एकाच शहरात शिकतात. या जवळिकीला काही किंमत आहे की नाही? असेल तर ती आकड्यात लिहा. नसेल तर तसे लिहा.

आणि रेंज. तोफखान्याच्या शाळेला वर्ग, मेस, वसतिगृह कुठेही बांधून मिळेल. गोळा पडायला जागा बांधता येत नाही. देवळालीत दरवर्षी ‘तोपची’ हा सराव होतो. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा इथेच सैन्यात दाखल झाल्या. एम-७७७ साध्या गोळ्यानेही २४ किलोमीटरच्या आसपास जाते, वज्रचा पल्ला ४० किलोमीटरच्या घरात. रेंजच्या भोवती मात्र गावे आहेत, मळे आहेत आणि वाढत चाललेले नाशिक आहे. पूर्ण पल्ल्याच्या चाचण्यांना पोखरणचे वाळवंट लागते ते यामुळेच. आता उद्या कोणी म्हणाले की शाळाच राजस्थानात न्या, तर मी लगेच ‘देवळाली बचाव’चा फलक घेऊन उभा राहणार नाही. कदाचित हिशेब तेच सांगेल. पण मग त्या हिशेबात इथल्या इमारती, तिथल्या उन्हातले सरावाचे दिवस, प्रशिक्षकांच्या कुटुंबांची शाळा-दवाखान्याची सोय, आणि वर्षातून काही आठवडेच लागणाऱ्या लांब पल्ल्यासाठी सगळा संसार हलवायचा की फक्त तोफा रेल्वेने न्यायच्या, या चारही गोष्टी शेजारीशेजारी असल्या पाहिजेत.

रेंज सोडणे हेसुद्धा फुकट नसते. कॅलिफोर्नियातला फोर्ट ऑर्ड १९९४ मध्ये बंद झाला. सुमारे २८ हजार एकर, समुद्रकाठ. पुढच्याच वर्षी तिथे विद्यापीठ सुरू झाले, त्याची छायाचित्रे सगळीकडे छापून येतात. जमिनीत राहिलेला न फुटलेला दारूगोळा काढण्याचे काम मात्र त्यानंतर दशकानुदशके चालले. आमच्याकडचे काही बिल्डर मित्र लष्कराच्या जमिनीकडे ज्या नजरेने पाहतात, त्यांना हे एवढ्यासाठी सांगतो की रेंजची जमीन साफ करण्याचा खर्च कोणाच्या खात्यात धरायचा हा त्या हिशेबातला पहिला वाद असेल.

दुसऱ्या टोकाला ‘कॅम्प गेला तर नाशिक बुडेल’ म्हणणारे आहेत. नाशिक बुडणार नाही. इथे अंबड-सातपूरची औद्योगिक वसाहत आहे, नोटांचा छापखाना आहे, द्राक्षे आहेत, कुंभमेळा आहे. झळ बसेल ती देवळाली कॅम्प, भगूर आणि लॅम रोडच्या काठच्या वस्तीला: भाजीवाले, शिंपी, घरभाड्यावर जगणारी म्हातारी माणसे, क्वार्टरमध्ये धुणेभांडी करणाऱ्या बायका. शहराच्या सरासरीत ही झळ दिसतच नाही. म्हणून ‘आर्थिक परिणाम’ जिल्ह्याच्या पातळीवर मोजू नका, वस्तीच्या पातळीवर मोजा.

गाव हिशेबात कसे घ्यायचे, याचे एक व्यवहारी उत्तर माझ्या विषयात आहे आणि त्याने लष्करी गरजेला धक्का लागत नाही. अशा मोठ्या प्रश्नांना सर्वांत स्वस्त उत्तर एक मिळाले, तरी त्याच्यापेक्षा एखादा टक्काच महाग अशी उत्तरे बहुधा ढिगाने असतात. आपल्या खर्चाच्या अंदाजातली चूकच त्या टक्क्याहून मोठी असते, हे वर अमेरिकेच्या आकड्यांत दिसलेच. मग संगणकाचे पहिले उत्तर पवित्र मानायचे कारण काय? त्याच्याकडून त्या एका टक्क्याच्या आतली वीस-पंचवीस वेगवेगळी उत्तरे मागा. लष्करी दृष्टीने ती जवळपास सारखीच असतील, गावांच्या दृष्टीने मुळीच नसतील. तिथे माणसांनी बसून निवड करावी, आणि कोणते का निवडले ते लिहून ठेवावे.

तसेच, आग्रहाची किंमत काढा. एखादे ठाणे हलवायचे नाही असे वरून सांगितले गेले, कारण काहीही असो, तर प्रतिमान दोनदा चालवा: एकदा त्या आग्रहासकट, एकदा त्याच्याशिवाय. दोन उत्तरांतला फरक म्हणजे त्या आग्रहाची वर्षाची किंमत. हो-नाहीच्या प्रश्नात पाठ्यपुस्तकातली छाया-किंमत (एखादी अट थोडी सैल केली तर खर्च किती बदलतो हे सांगणारा आकडा) सरळ लागू पडत नाही, म्हणून हा दुहेरी उद्योग. देवळालीसाठीही तो करा. देवळाली ठेवण्यासाठी देश वर्षाला इतके कोटी जादा मोजतो असे निघाले, तर ते आम्हाला कळू द्या. मग इथले लोकप्रतिनिधी तेवढ्या पैशांचे समर्थन करतील किंवा गप्प बसतील. सध्या दोन्ही बाजू मोठ्या आवाजात बोलतात आणि आकडा कोणाकडेच नाही.

गुप्ततेचा मुद्दा येणार, तो मला मान्य आहे. कोणती तुकडी कुठे, तिच्याकडे काय सामान, युद्धकाळात ती कुठे जाणार, यातले काही आम्हाला नको. पण निकषांची यादी आणि त्यांचा क्रम, धरलेला व्याजदर आणि वर्षे, बांधकामाचा दर चौरस मीटरला धरलेला खर्च, जमीन साफ करण्याचा खर्च कोणाकडे, वस्तीवरचा परिणाम कसा मोजला, यात शत्रूला उपयोगी असे काय आहे? संरक्षण जमिनीलगतच्या बांधकामाचेच पाहा. मे २०११ च्या परिपत्रकाने १०० मीटरच्या आत, आणि चार मजल्यांहून उंच इमारतींना ५०० मीटरच्या आत, ना-हरकतीचे बंधन आले. ऑक्टोबर २०१६ मध्ये अनेक ठाण्यांसाठी ते १० मीटरवर आले. १०० का होते आणि १० का झाले? दोन्ही आकड्यांमागे सुरक्षेचा काही विचार असेलच. तो सांगितला असता तर ज्यांचे प्लॉट मधली पाच वर्षे अडकले त्यांच्या मनात संशय राहिला नसता. ठाण्यांच्या प्रतिमानात असे शेकडो आकडे असतील, आणि त्यांतला एखादा १०० चा १० झाला की उत्तरातले गावच बदलते.

हे करायला बाहेरून कोणी आणावे लागत नाही. डीआरडीओची दिल्लीतली आयसा ही संस्था लष्करी प्रश्नांचे गणिती विश्लेषण करते. आयआयटींमध्ये आणि भारतीय सांख्यिकी संस्थेत या विषयाची माणसे आहेत. एका गटाने प्रतिमान बांधावे आणि दुसऱ्या, त्याच्याशी संबंध नसलेल्या गटाने तेच आकडे घेऊन ते पुन्हा चालवावे. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर आदेश निघू नये. आणि आदेश निघाल्यावर पाच वर्षांनी खरा खर्च नि खरी बचत किती, हे कॅगने जीएओसारखे तपासून छापावे. पाचव्या वर्षी तपासणी होणार हे ठाऊक असले की पहिल्या वर्षी आकडे जरा जपून लिहिले जातात.

योलनंतर देवळालीच्या नागरी भागाचा निर्णय आज ना उद्या होईल. तो होण्याआधी, लष्करी भाग पुढची वीस वर्षे इथे राहणार असे धरले आहे की नाही, एवढे तरी स्पष्ट करावे. पाणीयोजना, मलनिस्सारण, रस्त्यांची रुंदी, शाळांच्या तुकड्या, सगळे त्यावर ठरते. महापालिकेने दहा हजार माणसांसाठी जलवाहिनी टाकायची आणि तिसऱ्या वर्षी त्यातली निम्मी बदलीवर जायची, असा खर्च कोणत्याच खात्यात दिसत नाही, तो नळपट्टीतून वसूल होतो.

वस्तीच्या पातळीवरचे आकडे दिल्लीत मिळणार नाहीत, ते इथेच गोळा करावे लागतील: भाडी, दुकानांची उलाढाल, कॅम्पावर अवलंबून असलेली घरे, शाळांतली जवानांच्या मुलांची संख्या. नाशिकच्या कॉलेजांत संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. आपल्या प्रतिमानाला ही माहिती कोणत्या रकान्यांत लागते, तो कोरा तक्ता पाठवावा. पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या प्रकल्पांत तो भरून घेता येईल.

आपला नम्र,
गणिताचा एक निवृत्त प्राध्यापक,
नाशिक रोड